धरणाकाठी धंदा करायचाय? बोट घेण्याआधी हा हिशोब मांडा



सीझनल धंद्यांवरच्या व्हिडिओखाली एका दादांचा प्रश्न आला होता. त्यांचं गाव उजनी धरणाच्या पाण्याला लागून आहे. त्यांनी लिहिलं होतं, "ताई, हिवाळ्यात शनिवार-रविवार पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. सगळ्यांना फ्लेमिंगो बघायचे असतात. मी बोट घ्यायची म्हणतोय. चार लाखांपर्यंत जाईल. थोडं कर्ज काढीन, थोडं घरातलं सोनं ठेवीन. घेऊ का?"

घरातलं सोनं ठेवायची गोष्ट आहे, त्यामुळे दोन ओळींत "घ्या" किंवा "नको" असं उत्तर देणं मला बरोबर वाटत नाही. म्हणून हा पूर्ण लेख. उदाहरण उजनीचं आहे, पण तुमचं गाव कोयनेच्या, पवनेच्या किंवा गंगापूर धरणाच्या काठावर असलं तरी पद्धत हीच वापरा. वही आणि पेन घेऊन बसा.

आधी धरण समजून घ्या

दुकान टाकताना आपण रस्ता बघतो, गर्दी बघतो, भाडं बघतो. धरणाकाठच्या धंद्यात पहिली गोष्ट बघायची ती म्हणजे पाणी. ते कधी येतं, कधी जातं आणि कोण सोडतं?

उजनी धरण भीमा नदीवर आहे. १९८० मध्ये ते पूर्ण झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात आहे, पण मागे साठलेलं पाणी पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांपर्यंत पसरलेलं आहे. या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. पूर्ण भरल्यावर त्यात साधारण ११७ टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. यातलं निम्म्याहून जास्त, म्हणजे सुमारे ६३ टीएमसी पाणी मृतसाठ्यात मोडतं. पाणी त्या पातळीच्या खाली गेलं की बातम्यांमध्ये "उजनी उणे वीस टक्के", "उणे तीस टक्के" असं ऐकू येतं. उणे म्हणजे धरण कोरडं पडलं असं नाही. वापरायचा साठा संपून मृतसाठ्याला हात लागला, असा त्याचा अर्थ.

आता धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाचं. हे पाणी शेतीसाठी, पिण्यासाठी आणि कारखान्यांसाठी आहे. पर्यटकांची बोट चालावी म्हणून कुणी पाणी अडवून ठेवणार नाही. २०२३ चा पाऊस कमी झाला, धरण पूर्ण भरलंच नाही आणि २०२४ च्या जानेवारीतच ते उणे पातळीत गेलं. उन्हाळ्यात तर उणे साठ टक्क्यांच्या जवळ पोचलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेच धरण शंभर टक्के भरलं. एकाच वर्षात ही दोन टोकं. तुमचा कर्जाचा हप्ता मात्र दोन्ही महिन्यांत सारखाच असतो.

पाण्याचं कॅलेंडर

माझं स्टेशनरीचं दुकान आहे. मे अखेरीपासून जूनपर्यंत वह्या, दप्तरं, कंपासपेट्या धडाधड जातात आणि पुढे दिवाळीपर्यंत गल्ला शांत असतो. जूनचा गल्ला बघून मी वर्षाचा अंदाज बांधला तर दुकान बंद पडेल. धरणाकाठीही तसंच आहे. त्यामुळे आधी बारा महिने लिहून काढा.

जुलै ते सप्टेंबर: पुणे भागातल्या धरणांमधून पाणी सुटतं, जलाशय भरत जातो. पाणी गढूळ असतं, ओढ असते. पर्यटकांसाठी हा काळ सोडून द्या.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: धरण भरलेलं, काठ हिरवा. दिसायला सुंदर, पण ज्यासाठी लोक येतात ते पक्षी अजून कमी.

डिसेंबर ते मार्च: हा खरा सीझन. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या पट्ट्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो उतरतात. सोबत पट्टकादंब, चित्रबलाक, कुरव, शिकारी पक्षी असतात.

एप्रिल-मे: पाणी मागे सरकतं, ऊन कडक होतं आणि दुपारनंतर वळवाच्या वाऱ्याचा भरवसा नसतो. पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं पळसनाथ मंदिर उघडं पडतं आणि ते बघायला लोक येतात. पण ते दर वर्षी होईल असं धरून चालता येत नाही.

यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. फ्लेमिंगो खोल पाण्यात चरत नाही. तो उथळ पाण्यात उभा राहतो, वाकडी चोच पाण्यात बुडवून चिखलातलं बारीक खाद्य गाळून खातो. म्हणजे धरण उशिरापर्यंत काठोकाठ भरलेलं राहिलं तर पक्षी उशिरा येतात. फार लवकर आटलं तर काठ इतका मागे जातो की बोट ओढत चिखलातून न्यावी लागते. तुमच्या सीझनची सुरुवात आणि शेवट पाणी ठरवतं. म्हणून पाच वर्षं इथे बोट चालवणाऱ्या मच्छीमार काकांना विचारा, "काका, कोणत्या वर्षी सीझन किती दिवस चालला?" पाच वर्षांचे पाच आकडे वहीत लिहा. चांगल्या वर्षाचा आकडा घेऊन हिशोब करायचा नाही, वाईट वर्षाचा घ्यायचा.

आता बोटीचा हिशोब

खालचे आकडे मी समजावण्यासाठी धरलेत. तुमच्या गावचा दर, तुमचं कोटेशन, तुमचं व्याज घालून परत मांडा.

समजा बोट, इंजिन, लाइफ जॅकेट, नोंदणी सगळं मिळून ४ लाख.

बोट पाच वर्षं नीट चालेल असं धरलं तर दर वर्षी घसारा ८०,०००. पहिल्या वर्षाचं व्याज ४०,०००. विमा, तपासणी, इंजिनाची सर्व्हिसिंग ३०,०००. म्हणजे बोट किनाऱ्यावर नुसती बांधून ठेवली तरी वर्षाला १,५०,००० रुपये खर्च.

आता फेरी. एका फेरीचे १,२०० रुपये मिळतात असं धरू. इंधन २००, चालवणाऱ्याची मजुरी ३००, किरकोळ खर्च १००. फेरीमागे हातात उरले ६०० रुपये.

१,५०,००० भागिले ६०० म्हणजे २५०. वर्षाला २५० फेऱ्या झाल्या तर ना नफा ना तोटा. यालाच आपण ब्रेक-इव्हन म्हणतो.

२५० फेऱ्या होतात का बघू. डिसेंबर ते मार्च म्हणजे साधारण १२० दिवस. पण पुण्याचा माणूस मंगळवारी ऑफिसात असतो. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या मिळून ४० दिवस धरा. पक्षी बघायला सकाळ चांगली, मग संध्याकाळ. दिवसाला तीन फेऱ्या धरल्या तर १२० झाल्या. बाकीच्या ८० दिवसांत चार दिवसांतून एक फेरी, म्हणजे २०. एकूण १४०.

१४० गुणिले ६०० म्हणजे ८४,०००. खर्च दीड लाख. तोटा ६६,०००.

"ताई, मी स्वतःच बोट चालवीन, मजुरी वाचेल." ठीक आहे. मग फेरीमागे ९०० उरतील. १४० फेऱ्यांचे १,२६,०००. तरीही २४,००० चा तोटा, आणि चार महिने तुम्ही फुकट राबलात.

आणि ही चांगल्या वर्षाची गोष्ट झाली. वाईट वर्षी फेऱ्या निम्म्या झाल्या, ७० झाल्या, तर स्वतः चालवूनही ८७,००० चा खड्डा पडतो. आता घरातल्या सोन्याचा विचार करा.

मग बाकीच्यांना कसं परवडतं?

हा प्रश्न तुमच्या डोक्यात आलाच असेल. कुंभारगावला तर कितीतरी लोक पर्यटकांना फिरवतात.

त्यांच्यापैकी बरेच जण मुळात मच्छीमार आहेत. होडी त्यांच्याकडे आधीपासून आहे, कारण पहाटे जाळं काढायला ती लागतेच. चिलापी, कटला, रोहू, मरळ, वाम विकून त्यांचं घर चालतं. भिगवणच्या मासळी बाजारात त्यांचा माल जातो. म्हणजे होडीचा खर्च मासे उचलतात आणि पर्यटक देतो ती वरची कमाई असते. शिवाय कोणत्या खाडीत आज पक्षी बसलेत, कुठे खडक वर आलाय, वारा कधी फिरतो, हे त्यांना पाठ असतं. हे ज्ञान कोटेशनमध्ये मिळत नाही.

म्हणून नियम असा लिहून ठेवा: ज्याची बोट वर्षभर दुसऱ्या कामाने स्वतःचा खर्च भागवते, त्याने पर्यटन करावं. ज्याला बोट फक्त पर्यटनासाठी घ्यायची आहे, त्याने आधी २५० फेऱ्या दाखवाव्यात.

तुमची जागा पाण्यावर नाही, काठावर आहे

दादांच्या प्रश्नात एक खरी ताकद होती, ती त्यांना स्वतःला दिसली नव्हती. "पुण्याच्या गाड्यांची रांग लागते." या गाड्यांतला माणूस पहाटे चार वाजता घरून निघालेला असतो. पुण्याहून भिगवण शंभर किलोमीटरच्या आसपास. पोचल्यावर त्याला बोटीच्या आधी काय लागतं? स्वच्छ संडास. गरम चहा. बायका-मुलांना बसायला सावली. बोटीतून उतरल्यावर पोहे किंवा भाकरी-पिठलं, आणि दुपारी माशाचं ताट. लांबून आलेल्याला आदल्या रात्री झोपायला खोली.

आता हिशोब मांडू. मच्छीमार काकांसोबत तोंडी नाही, लेखी ठरवा. बोट त्यांची, पाहुणे दोघांचे. त्याच १४० फेऱ्या, फेरीला सरासरी चार माणसं, म्हणजे ५६० माणसं.

नाश्ता ४०० जणांनी घेतला, ताटामागे ४० रुपये सुटले, १६,०००. जेवण ३३० जणांनी घेतलं, ताटामागे १२० सुटले, ३९,६००. घरातल्या दोन खोल्या सीझनभरात मिळून ४० वेळा लागल्या, खोलीमागे ७०० सुटले, २८,०००. एकूण ८३,६००.

खर्च? संडास-बाथरूम, गाद्या, भांडी, मांडव याला एक लाख लागले असं धरा. पाच वर्षांत विभागले तर वर्षाला २०,०००. डागडुजी वगैरे १०,०००. उरले ५३,६००.

वाईट वर्षी माणसं निम्मी झाली तर? ४१,८०० मिळतील, ३०,००० जातील, ११,८०० उरतील. कमी आहेत, पण घरातून काही द्यावं लागलं नाही. बोटीच्या आणि या धंद्याच्या वाईट वर्षाची तुलना करा. धंद्याची निवड नेहमी वाईट वर्षावर करायची.

आणि स्पष्ट सांगते, यावर घर चालणार नाही. चार महिन्यांचा हा जोडधंदा आहे. शेती, दुकान, नोकरी जे आहे ते सोडू नका.

गळ टाकून मासे धरायला मिळतील का?

पाहुणे हे हमखास विचारतात. "हो हो, या ना" असं म्हणू नका. जलाशयातल्या मासेमारीचा हक्क परवान्याने किंवा ठेक्याने दिलेला असतो. ज्यांच्याकडे तो आहे त्यांना विचारल्याशिवाय पाहुण्यांच्या हातात गळ देणं म्हणजे गावात भांडण विकत घेणं. त्यांच्या संमतीने, एखाद्या मच्छीमारासोबत "जाळं काढताना बघा" असा सकाळचा एक तास ठेवता येतो. शहरातल्या मुलांना त्यात जास्त मजा येते आणि मच्छीमाराला दोन पैसे मिळतात.

मासे विकत घेताना एक पथ्य पाळा. बारीक आसाच्या जाळ्यात सापडलेली बोटाएवढी पिल्लं स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. आज ती तुमच्या ताटात आली तर दोन वर्षांनी ताटात घालायला मासा उरणार नाही. आठवड्याचा दर आधी ठरवून मोठा मासा घ्या आणि फळ्यावर लिहा, "आज सकाळचा मासा". गिऱ्हाइकाला ते कळतं.

कागदपत्रं

जागा: धरणाच्या पूर्ण संचय पातळीपर्यंतची जमीन संपादित झालेली असते. पाणी मागे गेल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन दिसायला मोकळी असली तरी आपली नसते. तिथे शेड, चौथरा काही बांधू नका. जलसंपदा विभागाच्या जवळच्या उपविभागीय कार्यालयात जाऊन हद्द विचारून घ्या.

बोट: आपण स्वतः चालवत नसलो तरी आपण पाहुणे बसवतो, म्हणून बोटीची नोंदणी, तपासणीचा दाखला आणि विमा बघायचा. देशात आता अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ लागू आहे. राज्यात या कामासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे चौकशी करा.

जेवण आणि मुक्काम: अन्न व्यवसायासाठी एफएसएसएआय नोंदणी. स्वतःची शेती असेल तर राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते का ते बघा. उद्यम नोंदणी मोफत आहे, ती सरकारी पोर्टलवर स्वतः करा, एजंटला पैसे देऊ नका.

सहाशे रुपये आणि एक जीव

२१ मे २०२४ ला संध्याकाळी याच उजनीत करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा माणसं गेली. ही पर्यटकांची बोट नव्हती. एका काठावरून दुसऱ्या काठावर रोजच्या कामासाठी जाणारी माणसं होती ती. पाणी मात्र तेच आहे आणि वाराही तोच.

हिशोबात आपण बघितलं की एक फेरी रद्द केली तर ६०० रुपये जातात. म्हणजे बोट काठावर ठेवण्याची किंमत ६०० रुपये आहे. हा आकडा तुमच्या आणि बोटवाल्या काकांच्या तोंडपाठ असला पाहिजे. कारण ढग भरून आलेत, पाहुणा म्हणतोय "अहो, इतक्या लांबून आलोय, दहा मिनिटं तरी फिरवा", तेव्हा डोकं शांत ठेवायला हाच आकडा कामी येतो.

नियम आजच ठरवून बोर्डवर लावा:

१. जॅकेटचे पट्टे बांधल्याशिवाय कुणी बोटीत पाय ठेवणार नाही. मुलांसाठी मुलांच्या मापाची जॅकेट वेगळी.
२. दाखल्यावर जितकी माणसं लिहिली आहेत तितकीच बसतील. "लहान मूल आहे, मांडीवर बसेल" चालणार नाही.
३. बोटीत उभं राहून फोटो नाही. प्यालेल्या माणसाला बोट नाही.
४. वारा सुटला की फेरी रद्द, पैसे पूर्ण परत. निर्णय बोट चालवणाऱ्याचा, तुमचाही नाही.
५. पक्षी उडवायचे नाहीत.

पाचवा नियम बघून हसू नका. "जरा जवळ घ्या ना, उडताना फोटो हवाय" ही मागणी रोज होते. बोट थव्यात घातली की पक्षी उडतात, पाहुणा खूश होऊन शंभर रुपये जास्त देतो. पण पक्ष्याचं चरणं मोडलं. रोज मोडलं तर तो दुसरी शांत जागा शोधतो. तुमच्या धंद्याचं भांडवल बोट नाही, तो पक्षी आहे, आणि त्याला पंख आहेत.

आता गृहपाठ

वहीत तीन पानं करा. पहिल्या पानावर तुमच्या धरणाचे बारा महिने आणि गेल्या पाच वर्षांचे सीझनचे दिवस. दुसऱ्या पानावर तुमच्या आकड्यांचा ब्रेक-इव्हन, एकदा चांगल्या वर्षाचा, एकदा वाईट वर्षाचा. तिसऱ्या पानावर गावात आधीपासून कोणाकडे काय आहे: बोट कुणाची, चांगला स्वयंपाक कुणाचा, रिकामी खोली कुणाकडे, पक्ष्यांची नावं कुणाला येतात. तिसरं पान भरलं की बऱ्याच जणांच्या लक्षात येईल, अर्धा धंदा गावात आधीच उभा आहे, फक्त कुणी जोडलेला नाही.

आणि ज्या दादांनी प्रश्न विचारला त्यांना: दादा, या सीझनला बोट घेऊ नका, सोनं घरातच राहू द्या. आधी संडास बांधा, दोन खोल्या नीट करा, शेजारच्या मच्छीमार काकांशी लेखी करार करा. एक सीझन रोजच्या फेऱ्या तारखेसकट लिहून ठेवा. मार्च अखेरीला बेरीज २५० च्या वर गेली तर तीच वही घेऊन बँकेत जा. मग मी स्वतः म्हणेन, बोट घ्या.

तुमचं दुसरं पान तयार झालं की आकडे व्हिडिओखाली लिहा. पुढच्या भागात त्यातले काही हिशोब आपण एकत्र तपासू.